सरकारी पैशातून झालेल्या सिक्युरिटी रिसर्चचा 'परतावा' मोजायचा तरी कसा?

कोरडा_आकडा

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलोय म्हणून धागा काढतोय.

सरकारी ग्रँटवर चालणाऱ्या एका छोट्या सिक्युरिटी रिसर्च ग्रुपमध्ये मी काम करतो. तीन वर्षांचं प्रोजेक्ट संपत आलंय. एका प्रोटोकॉलची वेगवेगळ्या कंपन्यांनी केलेली इम्प्लिमेंटेशन्स तपासायची होती, त्यात एक बऱ्यापैकी गंभीर खोट सापडली, तीन व्हेंडरना कळवली, त्यांनी पॅच काढले, आमचं टेस्टिंगचं टूल ओपन सोर्स केलं, दोन पेपर झाले. इथवर सगळं छान. आता रिव्ह्यू कमिटीने दोन पानं मागितलीत, मथळा 'आर्थिक परतावा', आणि शेवटी एक चौकोन आहे त्यात एकच आकडा भरायचा, घातलेल्या पैशाच्या किती पट परत आले.

आमच्या सरांचा फॉर्म्युला सोपा आहे. एका ब्रीचचं (सिस्टीममध्ये घुसखोरी होण्याचं) सरासरी नुकसान अमुक, आपल्यामुळे टळलेले ब्रीच तमुक, करा गुणाकार. मी म्हटलं टळलेले किती हे कळणार कसं, तर म्हणाले धर की काहीतरी रिझनेबल. मी एक धरलं, ४० पट आलं. दुसरं धरलं, ३,००० पट आलं. दोन्ही गृहीतकं मला सारखीच रिझनेबल वाटत होती, आणि तिथेच झोप उडाली.

जे घडलंच नाही त्याचे पैसे कसे मोजतात? कुणी हे खरंच नीट केलंय का, की सगळेच असं धरून चालतात?

---

जुना_हिशेबनीस

सरांचा गुणाकार आधी बाजूला ठेवा, प्रेमाने. सरकारी रिसर्च प्रोग्रॅम्सची इव्हॅल्युएशन्स करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि टळलेले हल्ले मोजता आलेला माणूस मला अजून भेटायचाय. हल्लेखोर एक दार बंद दिसलं म्हणून घरी जाऊन झोपत नाही, शेजारचं ढकलून बघतो. तुमच्या पॅचमुळे हल्ला टळला की त्याचा नुसता पत्ता बदलला, कोण सांगणार?

मोजता येतो तो फरक. लोकांना प्रत्यक्षात आलेला खर्च एकीकडे, आणि तुमचं काम झालंच नसतं तर आला असता तो खर्च दुसरीकडे.

हे कुणी नीट केलंय का, तर हो. एईएसचं उदाहरण वाचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करायचं (एन्क्रिप्शनचं) आजचं स्टँडर्ड. त्याआधीचं डीईएस स्टँडर्ड १९७७ चं, त्याची किल्ली फक्त ५६ बिटांची, आणि १९९८ मध्ये तर अडीच लाख डॉलरच्या आत बनवलेल्या एका मशीनने ती तीन दिवसांच्या आत फोडून दाखवली. अमेरिकेच्या एनआयएसटीने (तांत्रिक मानकं ठरवणारी सरकारी संस्था) त्याच्या आधीच, १९९७ ला, नव्या सायफरसाठी (कुलूपबंद करायच्या पद्धतीसाठी) खुली स्पर्धा लावली होती. १५ डिझाइन्स आली, ५ शेवटच्या फेरीत गेली, २००० मध्ये डेमन आणि रायमन या बेल्जियन जोडीचं राइनडाल निवडलं गेलं आणि २००१ ला ते स्टँडर्ड झालं. मग २०१८ मध्ये एनआयएसटीने या सगळ्याचा आर्थिक परिणाम बाहेरच्या लोकांकडून मोजून घेतला, १९९६ ते २०१७ एवढा काळ धरून. एन्क्रिप्शन वापरणाऱ्या आणि बनवणाऱ्या १६९ जणांकडून माहिती घेतली, हे स्टँडर्ड नसतं तर तुम्हाला काय करावं लागलं असतं या धाटणीची. प्रत्येकाने आपापला सायफर आणला असता, एकाचं दुसऱ्याशी जुळलं नसतं, कमकुवत निघालेलं उपटून परत बसवायला लागलं असतं. हे खर्च माणसाला आठवतात, अंदाजता येतात. टळलेल्या हल्ल्याचं तसं नाही.

आता आकडे. बातम्यांत गेला तो २० वर्षांत किमान २५० अब्ज डॉलर फायदा. पण गुणोत्तर एकच नव्हतं. सगळ्यात सावध हिशेबाने २९ पट, आणि तेच अख्ख्या देशाच्या अर्थव्यवस्थेला ताणलं की १,९७६ पट. तुमचे ४० आणि ३,००० आठवले ना? म्हणजे एवढा मोठा, रीतसर अभ्यास करूनही पट्टा तेवढाच रुंद राहतो. फरक इतकाच की त्यांनी दोन्ही टोकं का आली ते उघड लिहिलंय.

अजून एक, तुमच्या चौकोनात दिसणार नाही पण आकडा तिथेच हलतो, तो म्हणजे डिस्काउंट रेट, पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना दर वर्षाला लावायची कपात. २० वर्षांनी मिळणारा १०० चा फायदा ७ टक्क्यांनी आज २६ चा उरतो आणि ३.५ टक्क्यांनी ५० चा. अमेरिकेत अशा हिशेबांना बरीच वर्षं ७ टक्के लावायचे, ब्रिटनच्या ट्रेझरीचा दर ३.५. म्हणजे काम तेच, फायदा तोच, ऑफिस बदललं की परतावा दुप्पट. सिक्युरिटी रिसर्चचं फळ उशिरा मिळतं, त्यामुळे हा मार आपल्याला जास्त बसतो.

---

बग_पकड्या

सहमत, आणि त्या 'सरासरी नुकसान' वाल्या आकड्याबद्दल पण बोलायलाच हवं कारण सगळे तोच उचलतात आणि तोच सगळ्यात सडका असतो. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये एक रिपोर्ट आला की सायबरक्राइममुळे देशाचं वर्षाला २७ अब्ज पौंडांचं नुकसान होतं, त्यावर इतका गदारोळ झाला की तिथल्या संरक्षण खात्याने काही संशोधकांना सांगितलं तुम्ही नीट बघा, आणि रॉस अँडरसन वगैरे मंडळींनी २०१२ मध्ये जो पेपर लिहिला त्यात सगळ्याची एक बेरीज करायलाच नकार दिला, प्रत्येक गुन्हा वेगळा मांडला आणि त्यात थेट नुकसान, अप्रत्यक्ष नुकसान आणि बचावाचा खर्च असे भाग पाडले.

त्यातलं माझं लाडकं उदाहरण स्पॅमचं. २०१० मधला साधारण एक तृतीयांश स्पॅम ज्या एका बॉटनेटमधून (चोरून ताब्यात घेतलेल्या कॉम्प्युटर्सच्या जाळ्यातून) यायचा त्याच्या मालकांना मिळाले अंदाजे २७ लाख डॉलर, आणि स्पॅम अडवण्यावर जगाने घातले बहुधा १०० कोटी डॉलरच्या वर. चोराच्या हाती चवल्या आणि कुलपांना तिजोरीभर!! आता समजा कुणी असा रिसर्च केला की कुलपं निम्म्या खर्चात बसली. चोरी तेवढीच राहिली, एकही हल्ला टळला नाही, सरांच्या फॉर्म्युल्यात परतावा शून्य. प्रत्यक्षात फायदा केवढा.

आणि सर्व्हेवर अवलंबून असाल तर फ्लोरेन्सिओ आणि हर्ली यांचा २०११ चा पेपर वाचा. निवडणुकीच्या सर्व्हेत एक माणूस फार तर एक मत चुकीचं सांगेल, पण नुकसानीच्या सर्व्हेत एकाने 'माझे ५०,००० गेले' असं ठोकून दिलं की ते अख्ख्या लोकसंख्येला गुणलं जातं आणि अब्जांचा आकडा तयार होतो. नुकसान उणे नसतं ना, त्यामुळे वरची चूक खालच्या चुकीने फिटत नाही. शेकडो लोकांचा सर्व्हे, आणि निम्मा आकडा एखाद-दोघांच्या उत्तरातून आलेला.

---

कोरडा_आकडा

हे भारी आहे, दोघांनाही धन्स. म्हणजे मी ज्याला 'नुकसान' समजत होतो त्यात बचावाचा खर्चही येतो, हे डोक्यात आलंच नव्हतं.

पण माझी अडचण अजून आहे तिथेच. एईएस म्हणजे हत्ती, आमचं काम म्हणजे मुंगी. आम्ही कळवलं नसतं तर काय झालं असतं? ती खोट दुसऱ्या कुणाला सापडली असती, की कुणालाच नाही, की आधी चुकीच्या माणसाला सापडली असती?

---

जुना_हिशेबनीस

बरोबर प्रश्नाला आलात. बहुतेक वेळा 'तुम्ही नसता तर झालंच नसतं' हे उत्तर खोटं असतं. खरं उत्तर असतं 'झालं असतं, पण उशिरा' किंवा 'झालं असतं, पण महागात'. म्हणून जे मोजायचं ते लवकर झाल्याचे पैसे.

रोल-बेस्ड अ‍ॅक्सेस कंट्रोलचा हिशेब बघा, कर्मचाऱ्याला एकेक परवानगी देण्याऐवजी त्याच्या कामाच्या भूमिकेनुसार द्यायची ती पद्धत. एनआयएसटीच्या फेराओलो आणि कून यांनी १९९२ मध्ये तिचं मॉडेल मांडलं. २०१० च्या अभ्यासाने १९९४ ते २००९ मधला फायदा जवळपास ६ अब्ज डॉलर काढला, पण त्यातला एनआयएसटीच्या वाट्याला लावला फक्त साधारण १.१ अब्ज. कारण कंपन्या या दिशेने जाणारच होत्या, सरकारी कामामुळे वाट लवकर आणि स्वस्तात सापडली एवढंच. आणि पैसे कशातून वाचले बघा: नवा माणूस आला की परवानग्या लावायला लागणारा वेळ, तोवर त्याचं अडून बसणं, अ‍ॅडमिनचे तास. एकदम रटाळ गोष्टी. हल्लेबिल्ले नाहीतच जवळपास. सिक्युरिटीचा मोजता येणारा फायदा बऱ्याचदा असाच हापिसातल्या कामात दडलेला असतो.

श्रेयाच्या बाबतीत दुसरी बाजू म्हणजे खर्च कुणाचा धरायचा. एईएसच्या स्पर्धेत १५ टीम्स राबल्या, एकमेकांची डिझाइन्स फोडत बसल्या, जगभरच्या विद्यापीठांतल्या लोकांनी त्यात वेळ घातला. एजन्सीने स्वतः घातलेले पैसेच फक्त भागाकारात खाली ठेवले की गुणोत्तर फुगणारच. तुमच्या हिशेबात व्हेंडरच्या इंजिनिअर्सचे पॅच लिहिण्याचे तास धरलेत का? ते कमिटीच्या पैशातून गेले नाहीत, पण गेले तर आहेतच.

---

पडद्यामागचा

सगळे फायद्याच्याच बाजूने बोलताय म्हणून जरा उलटं बोलतो.

ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तहेर संस्थेत एलिसने १९७० मध्ये पब्लिक की ची (कुलूप लावायची किल्ली उघड, उघडायची गुप्त) कल्पना मांडली, १९७३ मध्ये कॉक्सने ज्याला आपण आज आरएसए म्हणतो जवळपास तेच गणित केलं, १९७४ मध्ये विल्यमसनने पुढचं. सगळं सरकारी पगारावर. आणि सगळं कपाटात, १९९७ पर्यंत. बाहेर डिफी-हेलमन १९७६ ला आणि आरएसए १९७७ ला वेगळे शोधले गेले, इंटरनेटवरचा व्यापार त्यावर उभा राहिला. त्या कपाटातल्या कामाचा बाजारातला परतावा किती? मी तर शून्य म्हणेन, आणि शोध तोच होता! म्हणजे परतावा शोधावर कमी आणि तो बाहेर सोडण्यावर जास्त अवलंबून आहे.

आता वजाबाकी. इटर्नलब्लू हे अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेचं, विंडोजमध्ये घुसायचं हत्यार मानलं जातं, तेही सरकारी सिक्युरिटी रिसर्चच ना. एप्रिल २०१७ मध्ये ते चव्हाट्यावर आलं, ते वापरून मे मध्ये वॉनाक्राय आणि जूनमध्ये नॉटपेट्या हे जगभर पसरलेले हल्ले झाले. एकट्या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला वॉनाक्राय साधारण ९.२ कोटी पौंडांना पडलं असा त्यांच्याच आरोग्य खात्याचा अंदाज आहे. ड्युअल ईसी नावाचा रँडम नंबर जनरेटर २००६ मध्ये स्टँडर्डमध्ये आला, मागचं दार असल्याचा संशय खूप आधीपासून होता, आणि २०१४ मध्ये एनआयएसटीला तो काढून टाकावा लागला. त्यात जो विश्वास गेला त्याची किंमत कुठल्या रकान्यात? परताव्याच्या रिपोर्टमध्ये मी हे उणे आकडे एकदाही पाहिले नाहीत. हिशेब लिहिणाराही त्याच घरचा असतो, काय बोलणार.

---

बग_पकड्या

+१ वजाबाकीला. पण वॉनाक्रायमधून धागाकर्त्याच्या कामाची गोष्ट वेगळीच निघते. मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच मार्च २०१७ मध्येच दिला होता, हल्ला आला १२ मे ला. पॅच होता, बसवला नव्हता. म्हणजे 'तीन व्हेंडरनी पॅच काढला' हा फायदा नाहीच, तो किती मशीन्सवर कधी बसला तो फायदा. तुमचं टूल स्कॅन करू शकतं का? जुनी आवृत्ती अजून किती ठिकाणी आहे ते मोजता आलं तर सरांच्या आख्ख्या गुणाकारापेक्षा तो एक ग्राफ जास्त बोलेल.

---

लॉग_वाचणारी

हिशेबनीसकाका, पटलं सगळं, पण एका प्रोजेक्टचा परतावा मागणं हीच मुळात चूक नाही का?

झ्वी ग्रिलिचेसने १९५८ मध्ये संकरित मक्याच्या रिसर्चचा परतावा काढला, सरकारी रिसर्चच्या हिशेबांतलं आद्य उदाहरण म्हणतात त्याला, आणि आकडा आला वर्षाला किमान ७०० टक्के. लोक तेवढंच सांगतात. पण त्यानेच तिथे लिहून ठेवलंय की यशस्वी रिसर्चचा परतावा काढणं म्हणजे तेल लागलेल्या विहिरीचा परतावा काढण्यासारखं आहे, खरं तर त्याआधी खणलेल्या कोरड्या विहिरींचा खर्चही धरायला हवा. (धागाकर्त्याचा आयडी बघून हेच आठवलं :) )

सिक्युरिटीत तर कोरडी विहीरसुद्धा कामाची असते. क्वांटम कॉम्प्युटरला पुरून उरतील अशा सायफर्सची एनआयएसटीची स्पर्धा २०१६ पासून चालली, सुरुवातीला ६९ प्रस्ताव तपासणीला घेतले, २०२४ मध्ये पहिली तीन स्टँडर्ड्स आली. मधे साइक नावाचा एक उमेदवार बरीच वर्षं टिकला, चौथ्या फेरीत पोचला, आणि २०२२ मध्ये दोन संशोधकांनी तो साध्या कॉम्प्युटरच्या एका कोअरवर तासाभरात फोडला. साइकवर घातलेली वर्षं वाया गेली का? त्याच्या टीमच्या प्रोजेक्टचा परतावा काढाल तर शून्य. पण तो स्टँडर्ड होऊन कोट्यवधी मशीन्सवर बसल्यावर फुटला असता तर? एकेकट्या ग्रँटच्या चौकोनात हे बसतच नाही, अख्ख्या स्पर्धेच्या हिशेबात बसतं. तुमच्या कमिटीला सगळ्या ग्रँट्सचा मिळून परतावा बघायचा असेल तर चांगलंच आहे, पण प्रत्येकाकडून एकेक आकडा घेऊन बेरीज करणार असतील तर जो तो तेल लागलं म्हणूनच सांगणार.

---

जुना_हिशेबनीस

@लॉग_वाचणारी, मुद्दा बरोबर आहे, मीटिंगमध्ये मी कित्येकदा मांडलाय. चौकोन मात्र अजून आहेच. फॉर्म बनवणारे आणि फॉर्म भरणारे कधी एका खोलीत बसत नाहीत.

कोरडा_आकडा, तुम्हाला आता काय करता येईल ते सांगतो. तीनही व्हेंडरना छोटं मेल टाका. टाळलेले ब्रीच अजिबात विचारू नका. विचारा की आम्ही कळवण्याआधी या भागाची तपासणी ठरली होती का, तुम्हाला हे कधी सापडलं असतं असं वाटतं, हे प्रॉडक्ट बाजारात गेल्यावर सापडलं असतं तर दुरुस्तीला किती माणूस-दिवस जास्त लागले असते, आणि टूल वापरत असाल तर ते नसतं तर ती टेस्टिंग कशी केली असती. उत्तर पट्ट्यात मागा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. जे उत्तर देणार नाहीत त्यांचा फायदा शून्य धरा, ताणू नका. आणि पुढच्या प्रोजेक्टला हे पहिल्याच महिन्यात विचारून ठेवा, कारण तीन वर्षांनी कुणालाच आधी काय चाललं होतं ते आठवत नाही. आमच्या इव्हॅल्युएशन्समध्ये सगळ्यात जास्त वेळ कशात जायचा तर लोकांच्या जुन्या मेल उकरण्यात.

---

कोरडा_आकडा

मंडळी, अपडेट देतो. दहा दिवस लागले.

तिघांपैकी दोघांनी उत्तर दिलं. एकाने लिहिलं की हा भाग त्यांच्या तपासणीच्या यादीतच नव्हता, प्रॉडक्ट बाहेर गेल्यावर सापडलं असतं तर त्यांना ६० ते १५० माणूस-दिवस जास्त लागले असते, आणि आमचं टूल आता प्रत्येक रिलीजला चालवतात, त्यात दर वेळी तीन-चार दिवस वाचतात. दुसऱ्याने सरळ सांगितलं की त्यांची स्वतःची टीम तिथवर पोचलीच होती, फार तर दोन महिन्यांत सापडलं असतं, धन्यवाद. तिसरा गप्प.

सगळं मिळून, व्हेंडरचे स्वतःचे तास वजा करून, पट्टा येतोय ०.४ ते १.३ पट. म्हणजे कदाचित घातलेले पैसे पण सुटले नाहीत!! आणि यातला मोठा भाग त्या खोटीचा नाहीच, टूलचा आहे, जे आम्ही शेवटच्या चार महिन्यांत घाईघाईत नीटनेटकं करून टाकलं होतं. सरांना दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले दुसऱ्या व्हेंडरचं उत्तर टाकायलाच हवं का.

---

बग_पकड्या

टाका!! ते एक उत्तर आहे म्हणून बाकीच्यांवर कुणी विश्वास ठेवेल.

---

लॉग_वाचणारी

आणि ०.४ ला लाजू नका, दोन वर्षांनी टूल किती जण वापरतायत ते परत मोजा. आज एकच व्हेंडर वापरतोय एवढं कळलंय, गप्प बसलेला तिसरा पण कदाचित वापरत असेल. डाउनलोडचे लॉग आहेत ना? ते पुसू नका म्हणजे झालं.

---

कोरडा_आकडा

लॉग आहेत, ९० दिवसांनी आपोआप उडतात असं सेटिंग होतं, आत्ता जाऊन बदललं. चौकोनात '०.४ ते १.३' लिहिलं तर फॉर्म घेत नाही, एकच आकडा हवा म्हणतो. ०.४ भरलंय आणि बाकी सगळं दोन पानांत.